वजनाचा काटा आणि बीपीचा पट्टा

‘गरोदरपणातलं वजन’ या विषयावर प्रश्न पाठवा असं गेल्या अंकात लिहिलं, तेव्हा मला वाटलं होतं की सगळी पत्रं बाळंतपणानंतर पोट कसं आत घ्यायचं याचीच येतील. तशीही भरपूर आली, पण त्यांची पाळी पुढच्या महिन्यात. आज पाच पत्रं घेतली आहेत आणि पाचही पत्रांत वजनाच्या किंवा सुजेच्या आडून एकच आजार डोकावतो आहे. त्याचं नाव प्री-एक्लाम्पसिया. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर जातं आणि सोबत लघवीतून प्रथिनं जातात, किंवा मूत्रपिंड, यकृत, रक्तातल्या प्लेटलेट्स यांपैकी कुठे तरी बिघाड दिसायला लागतो, असा हा आजार. तालुक्याच्या गावात मी ३१ वर्षं बाळंतपणं केली. त्यातली काही अजूनही रात्री आठवतात, आणि ती बहुतेक याच आजाराची आहेत. त्यामुळे पहिलं उत्तर लांबलं आहे, चालवून घ्या.

प्रश्न : माझी नणंद पहिलटकरीण आहे. सासर नाशिकचं. सातव्या महिन्यात ओटी भरून आम्ही तिला बाळंतपणासाठी इकडे आणलं. आता तेहतिसावा आठवडा चालू आहे. गेल्या तपासणीला वजन ६१ होतं. काल औषधाच्या दुकानातल्या काट्यावर ६४.५ भरलं. म्हणजे दोन आठवड्यांत साडेतीन किलो. हिरवा चुडा हातातून निघेना. साबण लावून दोन बांगड्या काढल्या, बाकीच्या वाढवाव्या लागल्या. सासूबाई म्हणतात, ‘लेकीला माहेरचं अन्न अंगी लागतंय, तुम्ही नजर लावू नका.’ तिचं दोन दिवस डोकं दुखतंय, पण पित्ताचा त्रास तिला लग्नाआधीपासूनच आहे. पुढच्या तपासणीची तारीख १२ दिवसांनी आहे. तोवर तिचा भात बंद करू का? (एक वहिनी, सातारा जिल्हा)

उत्तर : हे पत्र ईमेलनं आलं आणि संपादकांनी ते लगेच माझ्याकडे पाठवलं म्हणून बरं झालं. मी त्याच संध्याकाळी या वहिनींना फोन केला. म्हटलं, भात राहू द्या, गाडी काढा. आत्ता जो दवाखाना उघडा असेल तिथे नेऊन बीपी मोजा आणि लघवी तपासा. बारा दिवस सोडा, उद्या सकाळपर्यंतही थांबू नका. पुढे काय झालं ते त्यांना विचारूनच शेवटी लिहिते आहे. आधी त्या पत्रात मला काय दिसलं ते सांगते, कारण असंच बोलणं आज आणखी कुठल्या तरी स्वयंपाकघरात चालू असणार.

साडेतीन किलो. दोन आठवड्यांत एवढी चरबी चढवायची तर नेहमीच्या जेवणावर रोज आणखी सुमारे दोन हजार उष्मांक लागतील. म्हणजे दोन्ही वेळचं जेवण झाल्यावर वर सात-आठ तूप लावलेल्या पुरणपोळ्या, आणि त्या सलग चौदा दिवस. माहेर कितीही लाडाचं असलं तरी हे होत नाही. बाळ म्हणावं, तर या आठवड्यांत बाळाचं वजन आठवड्याला साधारण दोनशे ग्रॅमनं वाढतं. मग उरलेलं काय? पाणी. रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपायला लागल्या की रक्तातलं पाणी बाहेर, कातडीखाली येऊन बसतं. काट्याला चरबी आणि पाणी यांतला फरक कळत नाही. बांगड्यांना मात्र कळला होता!

नेहमीच्या वजनाच्या बाईचं वजन चौथ्या महिन्यानंतर आठवड्याला साधारण ४०० ते ५०० ग्रॅम वाढतं. पूर्ण नऊ महिन्यांत साडेअकरा ते सोळा किलो. माझ्याकडे आलेल्या कितीतरी जणी दहा किलोत सुखरूप मोकळ्या झाल्या, म्हणून या आकड्याला मी फार चिकटत नाही. माझं लक्ष असतं ते वेगावर. सातव्या महिन्यानंतर आठवड्याला एक किलोहून जास्त वाढ दिसली की मी जेवणाची चौकशी करत नाही, आधी पट्टा बांधते. पायावरची सूज एकटी असेल तर तिचं मी फार मनावर घेत नाही. संध्याकाळी पाय सुजणं गरोदरपणात नेहमीचंच आहे, आणि नुसत्या सुजेवर या आजाराचं निदान आता कुणी करत नाही. पण सकाळी उठल्याउठल्या चेहरा थोपटल्यासारखा दिसणं, डोळ्यांखाली फुगवटा, अंगठी रुतणं, हे एकाएकी आलं तर ती वेगळी गोष्ट.

आता ते पित्त. मराठी घरात या आजाराचा सगळ्यात मोठा साथीदार कोण, तर पित्त हा शब्द. डोकं दुखतं, मळमळतं, उलटी होते, छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या खळगीत जळजळतं. कुणाला विचारलं तरी उत्तर एकच, ‘पित्त झालंय.’ मग कोकम सरबत, मोरावळा, नाहीतर दुकानातून गुलाबी औषधाची बाटली. प्री-एक्लाम्पसिया वाढला की हुबेहूब हेच होतं. डोकं दुखतं ते मेंदूवर ताण आल्यानं, आणि खळगीत किंवा उजव्या बरगडीखाली दुखतं ते यकृताला सूज आल्यानं. सातव्या महिन्यानंतरचं पित्त हे बीपी मोजेपर्यंत पित्त नाही, असं मी आमच्या सिस्टरना सांगायची. डोळ्यांपुढे काजवे चमकले, अंधारी आली, धाप लागली, लघवी कमी झाली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर बीपीच्या मोजणीचीही वाट बघायची नाही, थेट दवाखाना.

पण या पत्रातली मला सगळ्यात टोचलेली ओळ वजनाचीही नाही आणि डोकेदुखीचीही नाही. ‘सातव्या महिन्यात इकडे आणलं’, ती ओळ. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत चांगलीच आहे, मी स्वतः माहेरीच बाळंत झाले. पण ज्या महिन्यांत हा आजार डोकं वर काढतो, नेमक्या त्याच महिन्यांत आपण पोरीचं गाव, डॉक्टर आणि काटा असं सगळं बदलतो. नवे डॉक्टर तिला पहिल्यांदाच बघत असतात. या नणंदेची नाशिकची फाइल सासरीच कपाटात राहिली होती. फोनवर मी तिच्या नवऱ्याला ती उघडायला लावली, त्यानं फोटो पाठवला. अकराव्या आठवड्यात बीपी १००/६४. इकडच्या कार्डावर दोन आठवड्यांपूर्वीचं १३२/८६, पुढे ‘नॉर्मल’ असा शिक्का. १३२/८६ हे आजाराच्या रेषेखालीच आहे, त्या डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण जिचं शंभर-चौसष्ट होतं तिचं एकशे बत्तीस झालं, हे ज्याला दिसेल तो महिन्यानं नाही, तीन दिवसांनी बोलावेल. गरोदरपणाच्या मध्यात बीपी आपसूक थोडं खाली येतं, म्हणून तर पहिल्या तीन महिन्यांतला आकडा सोन्याचा. मुलीला आणायला जाल तेव्हा ओटीच्या नारळाआधी फाइल पिशवीत टाका. आशाताईंनी दिलेलं माता व बाल संरक्षण कार्ड असेल तर तेही.

कार्डावरून आठवलं. मी अशी कार्डं पाहिली आहेत, ज्यांच्यात पाचही भेटींना बीपी १२०/८० लिहिलेलं. पाच महिने तंतोतंत तोच आकडा माणसाचा नसतो, पेनाचा असतो. तुमच्या कार्डावर असं दिसलं तर लाजू नका. ‘ताई, परत एकदा मोजता का?’ असं गोड बोलून विचारा. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, ब्लाउजच्या बाहीवरून नाही.

सासूबाईंना, म्हणजे मुलीच्या आईला, दोष देऊ नका. आणि मुलीलाही सांगा की तिनं काही खाल्लं म्हणून हे झालेलं नाही. या आजाराचं बी पहिल्या चार-पाच महिन्यांतच पडतं. वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात रुजताना तिथल्या रक्तवाहिन्या ऐसपैस व्हायला हव्यात, त्या अरुंदच राहतात. वारेला रक्त कमी पडतं, मग ती आईच्या रक्तात अशी द्रव्यं सोडते की आईच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. आठव्या महिन्यातला भात या गोष्टीत कुठेच येत नाही. आणि म्हणूनच खरा इलाजही वार बाहेर येणं, म्हणजे बाळंतपण, हाच. तोवरची औषधं बीपी आवरतात आणि बाळासाठी दिवस मिळवून देतात.

त्या रात्री बीपी भरलं १५०/९८, लघवीत प्रथिनं दोन प्लस. तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल केलं. बीपी आवरणाऱ्या लॅबेटॅलॉलच्या गोळ्या सुरू झाल्या, बाळाची फुप्फुसं पिकावीत म्हणून इंजेक्शनं दिली, एक दिवसाआड रक्ताच्या तपासण्या. तीन आठवडे असे ओढले. मग प्लेटलेट्स घसरायला लागल्या तेव्हा थांबले नाहीत. मुलगी झाली, २ किलो १०० ग्रॅम. चार दिवस काचेच्या पेटीत होती, आता घरी आहे. वहिनींनी कळवलं आहे की बाळंतिणीचं वजन पहिल्या दहा दिवसांत नऊ किलोंनी उतरलं आणि ती सारखी लघवीलाच जात होती. ते साठलेलं पाणी असं परत गेलं.

प्रश्न : वय २९, उंची १५७ सेंटिमीटर, दिवस राहण्याआधी वजन ८२ किलो. पहिलीच खेप, तेरावा आठवडा. डॉक्टर म्हणाल्या, नऊ महिन्यांत ५ ते ९ किलोच वाढू द्या. माझ्या वेळी आईचं बीपी वाढून आठव्या महिन्यात सिझेरियन झालं होतं. त्या भीतीनं मी रात्रीचं जेवण सोडलं आहे. वजन वाढूच दिलं नाही तर बीपी वाढणार नाही ना? आणि डॉक्टरांनी ऍस्पिरिन लिहून दिलंय. ते हृदयरोग्यांचं औषध ना? (पिंपरी-चिंचवड)

उत्तर : रात्रीचं जेवण आजपासून सुरू करा, बाकीचं मग बोलू.

तुमचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, ३३ येतो. खोटा धीर देत नाही. दिवस राहण्याआधीच वजन एवढं असेल तर सडपातळ बाईच्या मानानं या आजाराची शक्यता दोन-तीनपट असते. त्यात पहिली खेप, आणि आईचा इतिहास. तरीसुद्धा तुमच्यासारख्या बहुतेक जणींना हा आजार होत नाही, हेही तितकंच खरं. पण गाडी सुटल्यावर स्टेशन बदलता येत नाही. आधीचं वजन आता बदलणार नाही आणि उपाशी राहून ते बदलायची ही वेळही नाही. गरोदरपणात जास्त वजन वाढलेल्या बायकांमध्ये प्री-एक्लाम्पसिया जास्त दिसतो हे खरं, पण त्यातलं किती वजन आजारानंच साठवलेल्या पाण्याचं, हे सोडवणं अवघड आहे. ‘वजन वाढलं म्हणून बीपी’ आणि ‘बीपीचा आजार आला म्हणून वजन’, दोन्ही गोष्टी एकाच काट्यावर दिसतात.

उपासमारीचा प्रयोग जगानं करून पाहिला आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीत अन्नटंचाई झाली तेव्हा हा आजार वाढून झटके येणाऱ्या गरोदर बायका कमी झाल्या अशी नोंद झाली, आणि तिथून ‘कमी खाऊ घाला’ हे शास्त्र पुढे कित्येक दशकं चाललं. आमच्या जुन्या सरांच्या तोंडी या आजाराचं नाव ‘टॉक्सिमिया’ असायचं, म्हणजे रक्तातलं विष. विष कधी सापडलं नाही. बायकांना मात्र मोजून जेवण, बिनमिठाचं जेवण आणि लघवी होण्याच्या गोळ्या मिळाल्या. आजार थांबला नाही, बाळं मात्र बारीक निपजली. गंमत अशी की आपल्याकडे शहरातली आत्या म्हणते ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’, आणि खेड्यातली आजी म्हणते ‘कमी खा, पोर लहान असलं की सुटका लवकर होते’. तुम्ही दोघींचंही ऐकू नका.

चौथ्या महिन्यानंतर नेहमीच्या वजनाच्या बाईला रोज जास्तीचे ३५० उष्मांक पुरतात, म्हणजे एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि वाटीभर दही. तुम्हाला त्याहूनही कमी लागेल. म्हणजे ताट तेच ठेवायचं, त्यातला ऐवज बदलायचा. साबुदाणा, फरसाण, ऑफिसातला दुपारचा बिस्किटपुडा आणि साखरेचा चौथा चहा जाऊ द्या. उसळ, अंडं, मासे, पालेभाजी, ताक येऊ द्या. रोज अर्धा तास चाला. आठवड्याला पाव किलोच्या आसपास वाढ म्हणजे झकास. वजन सकाळी लघवी झाल्यावर, एकाच काट्यावर, आठवड्यातून एकदाच बघा. रोज बघणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांचं बीपी काट्यामुळेच वाढतं (हा विनोद आहे, शास्त्र नाही).

ऍस्पिरिन हृदयरोग्यांना देतात हे बरोबर, तुम्हाला दिलंय ते वारेसाठी. हे उत्तर छापून येईपर्यंत तुमचे सोळा आठवडे उलटतील, म्हणून ते तुम्हाला ईमेलनं आधीच कळवलं आहे: गोळी सुरू करा, रोज रात्री. वार रुजत असते तेव्हाच तिचा उपयोग. बाराव्या आठवड्यापासून, शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू करायची. युरोप आणि इस्रायलमधल्या मिळून १३ रुग्णालयांत जोखीम जास्त असलेल्या १,७७६ बायकांवर अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. रोज १५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी १.६ टक्के जणींना सदतीस आठवड्यांच्या आत बाळंतपण करावं लागेल असा प्री-एक्लाम्पसिया झाला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ४.३ टक्के जणींना. म्हणजे शंभरातल्या काही जणी नक्की वाचतात. पण ज्यांना व्हायचा त्यांना गोळी घेऊनही होतो, म्हणून पट्टा सुटत नाही. मैत्रिणीची गोळी पाहून मात्र कुणी आपल्या मनानं सुरू करू नये. दमा, अल्सर, रक्तस्राव असं काही असेल तर ती सोसत नाही.

आणखी एक. दंडाचा घेर ३३ सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठा पट्टा मागा. लहान पट्टा जाड दंडावर बीपी खोटंच जास्त दाखवतो, आणि विनाकारण गोळ्या लागलेल्या बायका मला माहीत आहेत. घरी मशिन घेतलंत तर एकदा दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या आकड्याशी ताडून पाहा. साखरेची तपासणी चुकवू नका, तुमच्या वजनाला तिची शक्यताही जास्त आहे.

प्रश्न : सुनेच्या पायावर सूज आहे म्हणून महिनाभर तिला अळणी जेवण देते आहे. लोणचं-पापड तर बंदच. तरी सूज उतरत नाही आणि ती नीट जेवतही नाही. आणखी काय बंद करू? (मालवण)

उत्तर : काकू, काही बंद करू नका, मीठ सुरू करा. मीठ तोडल्यानं हा आजार टळतो असं कुठल्याच अभ्यासात दिसलं नाही. लोणचं-पापड-सुकी मासळी यांचा अतिरेक कुणालाच चांगला नाही, पण आमटीत चवीपुरतं मीठ असू द्या. तिचं जेवण कमी झालं ही सुजेपेक्षा मोठी तक्रार आहे. तिला डाव्या कुशीवर झोपू द्या, बसताना पाय पाटावर ठेवू द्या आणि या आठवड्यात बीपी मोजून आणा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते.

बंद करण्यापेक्षा एक गोष्ट सुरू करा, कॅल्शियम. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा, चौथ्या महिन्यापासून. ज्यांच्या जेवणात दूधदुभतं कमी त्यांच्यात कॅल्शियमनं हा आजार कमी होतो, हे नीट सिद्ध झालेलं आहे. ‘गोळ्या मोठ्या, घशाखाली उतरत नाहीत’ म्हणून त्या फडताळात साठवणाऱ्या सुना मला ठाऊक आहेत. त्यांच्यासाठी बरी बातमी : बंगळूर आणि टांझानिया इथे मिळून २२ हजार बायकांवर झालेल्या अभ्यासात, जो २०२४ साली प्रसिद्ध झाला, रोज ५०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांना १,५०० घेणाऱ्यांइतकाच फायदा झाला. तेव्हा दोन होत नसतील तर डॉक्टरांना विचारून एक घ्या, पण घ्या. लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी मात्र नको, एक सकाळी तर दुसरी रात्री.

प्रश्न : माझं वजन सात महिन्यांत फक्त ५ किलो वाढलं. म्हणजे मला प्री-एक्लाम्पसियाची भीती नाही ना? (नागपूर)

उत्तर : आहे. मी पाहिलेल्या सगळ्यात वाईट रुग्णांपैकी एक ४४ किलोंची होती, अंगावर सुजेचा मागमूस नव्हता, आणि बीपी १८०/१२०. वजन वाढलं तर तो इशारा समजायचा, नाही वाढलं तर ती हमी समजायची नाही. वजन कमी वाढतंय म्हणून बाळाची वाढ बघायला सोनोग्राफी मात्र करून घ्या. वारेला रक्त कमी पडलं की बाळही मागे पडतं.

प्रश्न : माझी धाकटी बहीण सरकारी दवाखान्यात नीट बाळंत झाली. गरोदरपणात बीपी थोडं वाढलं होतं. तिसऱ्या दिवशी घरी आणली आणि पाचव्या दिवशी, पाचवीच्या पूजेच्या संध्याकाळी, तिला आकडी आली. बायका म्हणाल्या बाहेरची बाधा. कुणी नाकाला चप्पल लावली, कुणी अंगारा. शेवटी १०८ची गाडी बोलावली. दवाखान्यात कमरेत मोठमोठी इंजेक्शनं दिली, ती वाचली. बाळंतपण झाल्यावर हा आजार संपतो असं ऐकलं होतं, मग हे काय? पुढचं मूल होऊ द्यावं का? (सोलापूर जिल्हा)

उत्तर : दादा, तुम्ही गाडी बोलावली म्हणून बहीण आहे.

वार बाहेर पडली की आजार ओसरायला लागतो, त्याच तासाला संपत नाही. उलट बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत बीपी पुन्हा चढतं, कारण अंगात साठलेलं पाणी रक्तात परत येत असतं. नेमकं याच वेळी आपण बाळंतिणीला घरी आणतो, आणि घरात सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. पाचवीला सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते म्हणून आपण पाटा-वरवंटा मांडतो, कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. त्या दिवशी बाळंतिणीच्या दंडाला कुणीतरी पट्टा बांधावा असं मला फार वाटतं. गरोदरपणात एकदाही बीपी वाढलं असेल तर घरी आल्यावर पहिला आठवडा रोज, मग सहा आठवड्यांपर्यंत डॉक्टर सांगतील तसं मोजायचं. बाळंतिणीचं डोकं दुखलं की ‘जागरणानं झालं’ म्हणायचं नाही.

आकडी आली की तिला डाव्या कुशीवर वळवा. तोंडात चमचा, कांदा, चप्पल, पाणी काहीही नको. वेळ बघून ठेवा आणि गाडी बोलवा.

ती इंजेक्शनं मॅग्नेशियम सल्फेटची. औषध जुनं आणि स्वस्त. २००२ साली ३३ देशांतल्या सुमारे दहा हजार बायकांवरच्या अभ्यासात त्यानं झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आणलं. तुम्ही सोलापूरकडचे, म्हणून मुद्दाम सांगते : परदेशी पुस्तकातला डोस आपल्या कमी वजनाच्या बायकांना जास्त होतो, असं पाहून सोलापुरातच डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी मात्रेची पद्धत वापरली आणि २००३ साली ती प्रसिद्ध केली. आमच्या पिढीच्या पुष्कळ डॉक्टरांनी तो डोस वापरला आहे. इथेही प्रश्न वजनाचाच होता बघा, फक्त तो बायकांना नाही, डॉक्टरांना पडला होता.

पुढचं मूल होऊ शकतं. एकदा हा आजार झालेल्या साधारण सहांतल्या एकीला तो पुन्हा होतो, म्हणजे पाच जणींना नाही. फार लवकर, चौतीस आठवड्यांच्या आत बाळंतपण करावं लागलं असेल तर शक्यता जास्त, तिघींत एक. दोन खेपांत निदान दोन वर्षं जाऊ द्या. तोवर तिचं वजन जास्त असेल तर ते उतरवायची हीच वेळ, गरोदरपणातली नाही. दिवस राहिल्याचं कळताच बाराव्या आठवड्याच्या आत डॉक्टरांकडे, ऍस्पिरिनचं विचारायला. आणि मूल होवो न होवो, वर्षातून एकदा तिचं बीपी आणि साखर तपासा. हा आजार झालेल्या बायकांना पुढे चाळिशी-पन्नाशीत बीपी आणि हृदयविकाराचा धोका जास्त असतो, आणि तोवर बाळंतपणाची गोष्ट सगळे विसरलेले असतात.

डिस्चार्जचा कागद जपून ठेवा. ‘झटका आला होता, इंजेक्शन दिलं’ एवढ्यावर पुढच्या डॉक्टरांचं भागत नाही. कितव्या आठवड्यात बाळंत झाली, बीपी किती चढलं होतं, प्लेटलेट्स किती होत्या, बाळाचं वजन किती, हे त्यांना हवं असतं. कागद हरवला असेल तर दाखल केल्याची तारीख घेऊन त्या दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात जा आणि नक्कल मागा. दोन चकरा पडतील, पण जा.